ऑरेंज लाइनवरचं बॉस्टन : सेल्टिक्स आणि दुभंगलेलं शहर

बॉस्टनमध्ये नवा पाहुणा आला की त्याला फ्रीडम ट्रेलच्या लाल रेघेवर सोडून देतात. ती रेघ १७७०च्या दशकातली क्रांती दाखवते आणि तिथंच संपते. या सहलीची रेघ नारिंगी आहे. मेट्रोची ऑरेंज लाइन नॉर्थ स्टेशनवर सेल्टिक्सच्या मैदानाखालून जाते, शहराच्या मध्यातून रॉक्सबरी या कृष्णवर्णीय वस्तीच्या काठाला लागते आणि अर्ध्या तासाच्या आत या बास्केटबॉल संघाचा आणि शहराच्या वर्णसंघर्षाचा बहुतेक इतिहास ओलांडते. सेल्टिक्सनं १८ अजिंक्यपदं मिळवली आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना दारं उघडण्यात तो एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या पुढे होता, हे संग्रहालयात कळतं. मैदानात जे मिसळले ते प्रेक्षागृहात, शाळेत आणि शेजारात का मिसळले नाहीत, हे समजायला मात्र गल्ल्या पायाखाली घालाव्या लागतात.

तयारी थोडी. लोगन विमानतळावरून शहरात येणारी सिल्व्हर लाइनची एसएल-१ बस फुकट आहे. मेट्रोचं एकेरी तिकीट २.४० डॉलर, बसचं १.७०, सात दिवसांचा पास २२.५० डॉलर. मेट्रोच्या दहा फेऱ्यांत पास वसूल होतो आणि या मार्गावर दहाच्या वर फेऱ्या होतातच, म्हणून पासच घ्यावा. सामना पाहायचा असेल तर ऑक्टोबरचा शेवट किंवा एप्रिलची सुरुवात निवडावी. जानेवारी-फेब्रुवारीतही सामने असतात, पण सिटी हॉल प्लाझावरचा वारा तेव्हा माणसाला उभं राहू देत नाही, आणि तिथं तर बराच वेळ उभं राहायचं आहे.

पहिला दिवस : सेंट बोटोल्फ स्ट्रीट ते नॉर्थ स्टेशन

सुरुवात मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू स्थानकापासून. तिथून पाच मिनिटांवर सेंट बोटोल्फ स्ट्रीटला १९१०मध्ये उघडलेलं बॉस्टन अरीना होतं. पुढे नॉर्थईस्टर्न विद्यापीठानं ते घेतलं आणि मॅथ्यूज अरीना हे नाव दिलं. २०२५च्या अखेरीस ते बंद झालं, जागी नवं क्रीडासंकुल होणार आहे. इमारत पाहण्यासाठी नाही, जागा कळावी म्हणून इथं यायचं.

५ नोव्हेंबर १९४६ला सेल्टिक्सचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना इथं झाला, कारण मोठं बॉस्टन गार्डन त्या दिवशी रोडिओला, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या खेळाला, दिलेलं होतं. सरावात सेल्टिक्सचा खेळाडू चक कॉनर्सच्या फेकीनं काचेचा बॅकबोर्डच फुटला. लोखंडी रिंग आणि काच यांच्यामध्ये बसवायचा रबराचा तुकडा राहून गेला होता, त्यामुळे धक्का थेट काचेला बसला. दुसरा बॅकबोर्ड गार्डनमधून आणेपर्यंत प्रेक्षक ताटकळले. सेल्टिक्सची प्रसिद्ध लाकडी चौकटींची फरशीही आधी इथंच बसवली होती. युद्धानंतर लांब फळ्या मिळत नव्हत्या, म्हणून ओकचे आखूड तुकडे एकाआड एक उभे-आडवे जोडून पाच फुटी चौकोन केले आणि ते बोल्टनं एकमेकांना पक्के केले. १९५२मध्ये ती फरशी गार्डनमध्ये गेली आणि १९९९पर्यंत वापरात राहिली. आजच्या फरशीवरची नक्षी तीच, लाकूड नवं.

ऑरेंज लाइननं नॉर्थ स्टेशनला यायचं. १९२८चं जुनं गार्डन १९९५मध्ये बंद झालं आणि नंतर पाडलं. शेजारी उभं आहे ते टीडी गार्डन. पाचव्या-सहाव्या मजल्यावर क्रीडासंग्रहालय आहे. सामन्याच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी ते लवकर बंद होतं, त्यामुळे दुपारी तीनला पोचून दार बंद मिळणं ही इथली नेहमीची फसगत. सकाळची वेळ आधी पाहून ठरवावी.

छताकडे पाहिलं की अजिंक्यपदांचे झेंडे आणि थोर खेळाडूंच्या मानार्थ निवृत्त केलेले जर्सीचे क्रमांक दिसतात. त्यांत चक कूपरचा क्रमांक नाही. २५ एप्रिल १९५०ला संघाचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या दुसऱ्या फेरीत ड्युकेन विद्यापीठाच्या कूपरची निवड केली. एनबीएनं निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९५२मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेमध्ये हॉटेलनं त्याला खोली नाकारली, तेव्हा संघातला गोरा सहकारी बॉब कूझी त्याच्यासोबत रात्रीच्या गाडीनं परतला. कूपरला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या सन्मानदालनात, जागा मिळाली २०१९मध्ये, मृत्यूनंतर ३५ वर्षांनी. सेल्टिक्सचा महान कृष्णवर्णीय खेळाडू बिल रसेलनं १९७५पासून स्वतःचा हॉल ऑफ फेमचा मान घेतला नव्हता. कूपर माझ्याआधी हवा होता, असं त्याचं म्हणणं होतं. कूपर आत गेल्यावरच रसेलनं आपली अंगठी स्वीकारली.

आता झेंड्यांखालच्या खुर्च्यांचा हिशेब. रसेल १९५६च्या डिसेंबरात आला आणि १३ हंगामांत ११ अजिंक्यपदं मिळवून १९६९मध्ये गेला. जुन्या गार्डनमध्ये १३,९०९ जागा होत्या. जगातला सर्वोत्तम संघ खेळत असताना सरासरी आठ-नऊ हजारच भरत. त्याच इमारतीत हॉकीचा ब्रुइन्स संघ गुणतक्त्याच्या तळाशी असतानाही गर्दी खेचत होता. गोरा लॅरी बर्ड १९७९मध्ये आला आणि १९ डिसेंबर १९८०पासून जुनं गार्डन बंद होईपर्यंत ओळीनं ६६२ सामन्यांची सगळी तिकिटं संपली. बर्ड थोर खेळाडू होता यात वाद नाही. हॉकी हा या शहराचा जुना खेळ होता, टीव्हीमुळे बास्केटबॉल वाढला, हीसुद्धा कारणं आहेत. पण ११ अजिंक्यपदं आणि रिकाम्या खुर्च्या यांचा हिशेब तेवढ्यानं जुळत नाही, आणि रसेलनंही तो कधी तसा जुळवला नाही.

दुसरा दिवस : सिटी हॉल प्लाझा

हा दिवस पूर्ण चालण्याचा. पोस्ट ऑफिस स्क्वेअरमधल्या मॅकॉर्मॅक इमारतीपासून निघायचं. तेव्हा संघराज्याचं न्यायालय इथं होतं. २१ जून १९७४ला न्यायाधीश डब्ल्यू. आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला की बॉस्टनच्या शाळा समितीनं मुद्दाम, जाणूनबुजून शाळा वर्णानुसार वेगळ्या ठेवल्या आहेत. उपाय म्हणून मुलांना बसनं एकमेकांच्या वस्तीतल्या शाळांत पाठवायचं ठरलं, त्यालाच बसिंग म्हणतात. सेल्टिक्सनं त्याआधी सहाच आठवड्यांपूर्वी, १२ मेला, मिलवॉकीत अजिंक्यपद जिंकलं होतं.

तिथून फॅन्युइल हॉलच्या बाजारात दहा मिनिटांत पोचता येतं. बाकावर सिगार धरून बसलेला रेड ऑरबॅक इथं ब्राँझमध्ये आहे. पुतळा १९८५चा, आणि तेव्हा ऑरबॅक हयात होते. कूपर आला त्याच वर्षी ते प्रशिक्षक झाले. २६ डिसेंबर १९६४ला सेंट लुइसमध्ये त्यांनी रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स आणि विली नॉल्स असे पाच कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीलाच उतरवले. एनबीएत असं पहिल्यांदाच घडत होतं. नेहमीचा गोरा खेळाडू टॉम हाइनसन जखमी होता, नॉल्स त्याच्या जागी आला, आणि कसलीही घोषणा झाली नाही. १९६६मध्ये ऑरबॅक यांनी प्रशिक्षकपद रसेलकडे सोपवलं. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक तोपर्यंत दुर्मीळ नव्हे, जवळपास अशक्य गोष्ट होती. रसेलनं खेळता खेळता प्रशिक्षक म्हणून १९६८ आणि १९६९ची अजिंक्यपदं मिळवली.

रस्ता ओलांडून पायऱ्या चढल्या की सिटी हॉल प्लाझा. इथं रसेलचा पुतळा चेंडू पास करण्याच्या पवित्र्यात उभा आहे, भोवती ११ अजिंक्यपदांच्या हिशेबानं ग्रॅनाइटचे चौथरे आणि त्यांवर त्याचे शब्द. अनावरण १ नोव्हेंबर २०१३चं. बेसबॉलपटू टेड विल्यम्सचा पुतळा २००४मध्ये, हॉकीपटू बॉबी ऑरचा २०१०मध्ये उभा राहिला होता. फेब्रुवारी २०११मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी रसेलला स्वातंत्र्यपदक देताना बॉस्टननं त्याचा पुतळा उभारावा असं जाहीरपणे म्हटलं, तेव्हा चक्रं हलली. चौथऱ्यांवरचे शब्द वाचायला वेळ द्यावा. घाईघाईत फोटो काढून निघणाऱ्यांचं ते हमखास राहून जातं.

पुतळ्याकडे पाठ करून दक्षिणेला, ओल्ड स्टेट हाउस इमारतींच्या फटीतून दिसेल असं उभं राहायचं. स्टॅन्ली फोरमन यांनी ५ एप्रिल १९७६ला टिपलेल्या छायाचित्राची पार्श्वभूमी तीच आहे. शाळांच्या निकालाविरुद्ध मोर्चा काढलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जमावानं टेड लँड्समार्क या कृष्णवर्णीय वकिलाला गाठलं. लँड्समार्क बांधकामातल्या अल्पसंख्याक कंत्राटदारांसंबंधीच्या बैठकीला सिटी हॉलमध्ये निघाले होते, मोर्चाशी त्यांचा काही संबंध नव्हता. छायाचित्रात एक तरुण अमेरिकी झेंड्याचा दांडा त्यांच्यावर रोखून धावतोय असं दिसतं. नीट पाहिलं तर दांडा आडवा फिरवला जातोय; नाक मोडलं ते त्याआधी बसलेल्या ठोशांनी. त्यांना मागून धरून ठेवल्यासारखा दिसणारा माणूस प्रत्यक्षात त्यांना उठवत होता. या छायाचित्राला १९७७चं पुलित्झर मिळालं. मागची ओल्ड स्टेट हाउसची इमारत म्हणजे १७७०मध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या त्या बॉस्टन हत्याकांडाची जागा, जिथं पहिला बळी पडला तो क्रिस्पस ॲटक्स. तोही गोरा नव्हता.

त्याच १९७६च्या जूनमध्ये सेल्टिक्सनं अंतिम मालिकेत फिनिक्सला हरवलं. जुन्या गार्डनमधला पाचवा सामना तीन जादा डावांपर्यंत गेला आणि आजही तो सर्वोत्तम सामन्यांत मोजतात. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू जो जो व्हाइट कृष्णवर्णीय होता. सिटी हॉलपासून गार्डन दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. लँड्समार्क यांना मार बसला त्या आणि या घटनेत दोन महिन्यांचं अंतर. शहरानं या दोन गोष्टी कायम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या.

जेवणानंतर बीकन हिल चढायचा. जॉय स्ट्रीटवर १८०६चं आफ्रिकन मीटिंग हाउस आणि शेजारी १८३५ची एबियल स्मिथ स्कूल, दोन्ही मिळून संग्रहालय आहे. ते आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं, त्यामुळे वेळ आधी पाहावी. इथं कळतं की शाळांचं भांडण १९७४चं नव्हे. सारा रॉबर्ट्स या मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा सोडून दूर जावं लागत होतं. तिच्या वडिलांनी दावा लावला. रॉबर्ट मॉरिस आणि चार्ल्स सम्नर यांनी तो लढवला आणि १८५०मध्ये हरले. पण १८५५मध्ये मॅसॅच्युसेट्सनं वर्णभेदी शाळा कायद्यानं बंद केल्या, अमेरिकेत सर्वांत आधी. त्या खटल्यातला निकाल मात्र १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळे पण समान' ही वर्णभेदी व्यवस्था वैध ठरवताना आधाराला घेतला.

उताराला बॉस्टन कॉमनवर मार्टिन ल्यूथर किंग आणि कोरेटा यांच्या आलिंगनाचं २०२३चं भव्य ब्राँझ शिल्प आहे. २३ एप्रिल १९६५ला किंग यांनी रॉक्सबरीतून इथपर्यंत सुमारे २२ हजारांचा मोर्चा आणला होता, शाळांसाठीच. त्याच वर्षी राज्यानं शाळांतल्या वांशिक असमतोलाविरुद्ध कायदा केला आणि शाळा समितीनं तो नऊ वर्षं टोलवला.

तिसरा दिवस : साउथ बॉस्टन आणि चार्ल्सटाउन

सकाळी रेड लाइननं ब्रॉडवे, तिथून ९ नंबरची बस. जी स्ट्रीटच्या थांब्यावर उतरून चढ चढला की टेकडीवर पूर्वीची साउथ बॉस्टन हायस्कूल दिसते, शेजारी डॉर्चेस्टर हाइट्सचा पांढरा मनोरा. शाळेच्या आवारात जाऊ नये, मुलांचे फोटो घेऊ नयेत. समोरच्या बागेतून सगळं दिसतं. बसनं येताना जो चढ लागतो तोच मुद्दा आहे. १२ सप्टेंबर १९७४ला रॉक्सबरीहून आलेल्या शाळेच्या बसेस याच अरुंद, उताराच्या रस्त्यांवरून परतताना दगडांखाली सापडल्या. दोन्ही बाजूंना घरं, वळायला जागा नाही. बसेसच्या काचा फुटल्या, मुलं जखमी झाली. डिसेंबरात शाळेत चाकूहल्ला झाला, शाळा बंद ठेवावी लागली, आणि वर्षभरानं, डिसेंबर १९७५मध्ये, गॅरिटी यांनी ती थेट न्यायालयाच्या ताब्यात घेतली.

बसिंग का फसलं, याचं उत्तर इथंच उभं राहून समजतं. पहिल्या टप्प्यात साउथ बॉस्टनची जोडी रॉक्सबरीशी लावली होती. एक गरीब आयरिश वस्ती, दुसरी गरीब कृष्णवर्णीय वस्ती. दोन्हीकडच्या शाळांची दुरवस्था. एकाची मुलं दुसऱ्याच्या तशाच शाळेत नेल्यानं शिक्षण कुणाचंच सुधारणार नव्हतं. चांगल्या शाळा होत्या उपनगरांत, आणि निकालानंतर जेमतेम महिन्याभरानं, २५ जुलै १९७४ला, सर्वोच्च न्यायालयानं डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी उपनगरांना अशा योजनांतून बाहेर ठेवलं. ज्यांना जमलं त्या गोऱ्या कुटुंबांनी उपनगर किंवा चर्चच्या शाळा धरल्या. न्यायालयाचा निकाल कायद्यानं बरोबर होता, असं ठामपणे म्हणावं लागतं. ओझं मात्र सर्वांत कमी ताकदीच्या दोन वस्त्यांवर पडलं. दगडफेकीला ही सबब होऊ शकत नाही.

दुपारी नॉर्थ स्टेशनला परतून चार्ल्स नदीवरच्या पुलानं चालत, तेव्हा गोऱ्यांची वस्ती असलेल्या चार्ल्सटाउनला जायचं. जुना पूल १९००चा होता. जागी आलेल्या नव्या पुलाला बिल रसेलचं नाव दिलं आहे. फ्रीडम ट्रेलचे पर्यटक रोज त्यावरून जातात. हा पूल कुठं नेतो ते पाहावं. बंकर हिलच्या २२१ फुटी मनोऱ्यासमोर मॉन्युमेंट स्क्वेअरमध्ये तेव्हाची चार्ल्सटाउन हायस्कूल होती. १९७५च्या दुसऱ्या टप्प्यात इथंही बसेस आल्या आणि चौकात पोलिसांचा वेढा पडला. २८ सप्टेंबर १९७९ला चार्ल्सटाउनच्या मैदानात अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात पाहुण्या संघातल्या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला एका छतावरून गोळी लागली आणि तो कायमचा लुळा झाला. बरोबर दोन आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला, पुलापलीकडे लॅरी बर्ड पहिल्यांदा सेल्टिक्सकडून खेळला. मनोऱ्याला २९४ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वरून गार्डन आणि पूल एका नजरेत येतात, गुडघे साथ देत असतील तर जरूर चढावं.

चौथा दिवस : रॉक्सबरी

ऑरेंज लाइनचे रगल्स आणि रॉक्सबरी क्रॉसिंग ही स्थानकं ज्या पट्ट्यात आहेत तो पट्टा महामार्गासाठी मोकळा केला होता. घरं पाडून झाली, लोकांनी आंदोलन केलं, राज्यपालांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रस्ता रद्द केला. तिथं १९८७मध्ये रेल्वे आणि वरती लांबलचक बाग आली. बदल्यात रॉक्सबरीच्या मध्यातून जाणारी उन्नत रेल्वे काढून टाकली. म्हणून आज तिथल्या न्युबियन स्क्वेअरला मेट्रो नाही, रगल्सहून बस घ्यावी लागते किंवा माल्कम एक्स बूलेव्हार्डनं पंधरा मिनिटं चालावं लागतं. चालावंच.

वाटेत रॉक्सबरी क्रॉसिंगसमोर रेजी लुइस क्रीडाकेंद्र आहे. लुइस नॉर्थईस्टर्नचा, म्हणजे पहिल्या दिवशीच्या त्या अरीनाचा खेळाडू. १९८७मध्ये सेल्टिक्सनं निवडला. तेव्हाचा संदर्भ महत्त्वाचा. १९८६च्या अजिंक्य संघात १२पैकी ८ खेळाडू गोरे होते, लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असताना. प्रशिक्षक के. सी. जोन्स कृष्णवर्णीय होते, कर्णधार बर्ड स्वतः कुणाचा रंग पाहत नव्हता, हे सगळं खरं. तरी रॉक्सबरीत कित्येक घरांमध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्ससाठी टाळ्या वाजत. लुइस या वस्तीत थँक्सगिव्हिंगला टर्की वाटायचा, शाळांत जायचा. इथल्या मुलांना सेल्टिक्सची हिरवी जर्सी आपली वाटू लागली ती त्याच्यामुळे. २७ जुलै १९९३ला ब्रँडाइज विद्यापीठात सराव करताना हृदय बंद पडून तो गेला, वय २७. (हेच विद्यापीठ २०१९मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश करून आपल्याकडे चर्चेत आलं.) अंत्यविधी मॅथ्यूज अरीनात झाला. केंद्रातली धावण्याची ट्रॅक २०० मीटरची, छताखालची. हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धा असल्या की आत जाऊन पाहता येतं, आणि तोच खरा अनुभव.

संध्याकाळी ट्रेमाँट स्ट्रीटवर ९५८ नंबरला स्लेड्स बार अँड ग्रिल. १९६०च्या दशकात हे रसेलच्या मालकीचं होतं. ज्या शहरात त्याला घर मिळवणं कठीण होतं तिथं त्यानं धंदा टाकला तो या वस्तीत. १९६३मध्ये शाळांवर बहिष्कार टाकलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या पाठीशीही तो इथंच उभा राहिला. चिकन विंग्ज इथली ओळख. शाकाहाऱ्यांचं भागतं ते मॅक अँड चीज आणि बटाट्यावर, पण भाज्यांमध्ये मांसाचा अंश आहे का हे विचारून घ्यावं, दक्षिणी पद्धतीत तो असतो.

सामना ठेवायचा तर याच रात्री किंवा आदल्या. तिकीट फोनवरच येतं, बॅटरी भरलेली हवी. तळहाताएवढ्या पाकिटापेक्षा मोठी बॅग दारातून आत सोडत नाहीत. इथंच सर्वांत जास्त लोक अडकतात, तेव्हा बॅग हॉटेलात ठेवून निघावं. वरचे ३०० क्रमांकांचे विभाग स्वस्त, आणि मध्यंतरात खालच्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते तिथूनच स्वच्छ दिसतं. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं २०१५मध्ये महानगरातल्या कुटुंबांची कर्ज वजा जाता मध्यक मालमत्ता (निम्मी कुटुंबं जिच्या वर, निम्मी खाली) मांडली: गोऱ्यांची २,४७,५०० डॉलर, अमेरिकेत पिढ्यान्पिढ्या असलेल्या कृष्णवर्णीयांची ८ डॉलर. आठ. तिकिटांचे आजचे दर या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत. सेल्टिक्सचा जेलन ब्राउन गेली काही वर्षं नेमका याच दरीबद्दल बोलतोय आणि शहरात त्यासाठी पैसा उभा करतोय.

पाचवा दिवस : उपनगर

अर्धा दिवस पुरे. दोन पर्याय. नॉर्थ स्टेशनहून हॅव्हरहिल लाइननं रेडिंग, जिथं रसेल राहत होता. १९६३मध्ये गावानं त्याचा सत्कार केला; त्याच गावात त्याच्या घरात शिरून लोकांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या, चषक फोडले, बिछान्यात विष्ठा केली. तो मोठं घर पाहू लागला तर शेजाऱ्यांनी विरोधात सह्या गोळा केल्या. १९७२मध्ये गार्डनमध्ये त्याचा ६ क्रमांक वर चढवला तो त्याच्याच हट्टानं, प्रेक्षक आत येण्यापूर्वी. घर खाजगी आहे, ते शोधत फिरू नये. पाहण्यासारखं तिथं काही नाही.

दुसरा पर्याय साउथ स्टेशन किंवा बॅक बेहून वूस्टर लाइननं वेल्झली. सप्टेंबर १९९०मध्ये सेल्टिक्सचा नवा खेळाडू डी ब्राउन होणाऱ्या बायकोसह पोस्ट ऑफिससमोर गाडीत बसला असताना पोलिसांनी बंदुका रोखून त्याला जमिनीवर पालथं पाडलं, बँक लुटणारा समजून. काही महिन्यांपूर्वीच बॉस्टनमध्ये चार्ल्स स्टुअर्टनं स्वतःच्या गरोदर बायकोचा खून करून आळ अनोळखी कृष्णवर्णीयावर टाकला होता आणि पोलिसांनी मिशन हिल वस्तीत रस्त्यावरच्या तरुणांच्या झडत्या घेतल्या होत्या. बॉस्टनच्या महापौरांनी या प्रकाराबद्दल माफी मागितली ती २०२३मध्ये. ब्राउनची माफी गावानं लगेच मागितली. तो प्रसिद्ध होता.

एकच उपनगर करायचं तर वेल्झली करावं, कारण न्यायाधीश गॅरिटी इथंच राहत. बसिंगचे विरोधक बॉस्टनहून येऊन त्यांच्या घरासमोर घोषणा द्यायचे. त्यांचा स्वतःचा निकाल या गावाला लागू नव्हता. शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात, म्हणून हा दिवस कामाच्या वारी ठेवावा.